माझ्या माघारी कादिरचं काय

मी, खैरुन्निसा इब्राहीम मुकादम, वय छप्पन, धंदा शिवणकाम, मूळ गाव दाभोळ, हल्ली मुक्काम हफ्र अल बातिन, सौदी अरेबिया, कुणाच्या दडपणाखाली न येता, राजीखुशीनं हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला मला पाच मिनिटांत मिळाला. माझ्या भावाचं डोकं तपासून घ्यायला सहा महिने लागले, म्हणून मुद्दाम नोंद करते.

कलम १. दाभोळच्या घरातला माझा हिस्सा धाकटा भाऊ कादिर याला. वारसाच्या नावे लिहिलं तर बाकीच्या वारसांची संमती लागते, हे मला ठाऊक आहे. दुसरे वारस म्हणजे माझा नवरा इब्राहीम. त्यांनी आधी चहा मागितला, मग संमती दिली.

कलम २. शिवणयंत्रही कादिरला. त्याला सरळ शिलाई येते. वाकडी आली तर गिऱ्हाइकानं समजून घ्यावं.

कलम ३. बंदूक माझी नाही. कुवेतच्या लढाईच्या धास्तीनं, आम्ही ज्यांच्याकडे कामाला आहोत ते मालक बायकामुलांसह जेद्द्याला गेले, तेव्हा बंगला राखायला त्यांची शिकारीची बंदूक आमच्या हवाली करून गेले. ती त्यांना परत करावी. ती उडाली कशी, हे मात्र इथे लिहिते, कारण माझी नणंद सफूरा तिकडे दाभोळात गावभर भलतंच सांगत सुटली आहे.

कादिरला आवाज ऐकू येतात. गोळ्या घेतल्या की ते शेजारच्या घरात बोलल्यासारखे हळू होतात, असं तो म्हणतो. गोळ्या मुंबईहून येणाऱ्या माणसांबरोबर यायच्या. माणसं यायची थांबली, गोळ्या संपल्या. इथल्या दवाखान्यात म्हणाले, रियाधला न्या. रियाधचे म्हणाले, कफीलचं पत्र आणा. कफील म्हणजे इथला आमचा जामीनदार, म्हणजे मालकच, आणि त्यांचा फोन लागेना.

विषारी वायूच्या भीतीनं तेव्हा सगळे खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते. कादिरनं ते काम अंगावर घेतलं. वायूचा मुखवटा चढवून तो न विचारता लोकांच्या घरात शिरायचा आणि खिडक्या बंद करून यायचा. पट्ट्या उत्तम लावायचा, तक्रार फक्त शिरण्याबद्दल होती.

जानेवारीतल्या एका दुपारी मी पुलाव करत होते. खिडकीतून सोंडवाला मुखवटा आत आला. मी इस्त्रीपेक्षा जड हत्यार जन्मात उचललेलं नाही. बंदूक उचलली, डोळे मिटले, चाप ओढला. बहुतेक छरे पातेल्यात गेले, सात कादिरच्या मांडीत.

मुखवट्यातून आवाज आला, "आपा, पुलाव सांडतोय."

तेव्हा मला कळलं, आत आला तो शत्रू नव्हे, भाऊ होता.

पोलिसांना तो म्हणाला, "चूक माझी. दार वाजवायला हवं होतं."

छऱ्यांसाठी त्याच दवाखान्यात अर्ध्या तासात खाट मिळाली. तिथे डॉक्टर जगदीश साठे त्याच्याशी तासभर बोलत बसले आणि कुठून तरी त्याच्या गोळ्या मिळवून घेऊन आले. भावाला गोळ्या मिळाव्यात म्हणून मला त्याच्यावर गोळी झाडावी लागली. हा मार्ग मी कुणाला सुचवत नाही.

कलम ४. सफूराला माझं मोठं पातेलं कधीपासून हवं होतं. ते तिला द्यावं, भोकांसकट. "वेड्याला पडवीत साखळीनं बांधून ठेवू," असं तिनं पत्रात लिहिलं होतं. ते पत्रही पातेल्यात घालून द्यावं.

कलम ५. माझ्या माघारी कादिरला कुणी कोंडू नये, बांधू नये, त्याच्यासमोर त्याच्याविषयी कुजबुजू नये. त्याच्याशीच बोलावं. तो उत्तर देतो.

कलम ६. 'माझ्या माघारी इब्राहीम यांनी कादिरला सांभाळावं,' असं लिहून मी दोघांना वाचून दाखवलं.

कादिर म्हणाला, "आपा, दुल्हाभाईंना भात करता येत नाही. चष्मा डोळ्यांवर असला तरी ते शोधत फिरतात. उलटं लिही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा चाचपून पाहिला. मग म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. लिही."

तेव्हा आधीची ओळ खोडली आहे, ती रद्द समजावी. माझ्या माघारी कादिरनं इब्राहीम यांना सांभाळावं.

लिहून देणार: खैरुन्निसा इब्राहीम मुकादम
कबूल: इब्राहीम हसन मुकादम
समक्ष सही पाहणारे: डॉ. जगदीश साठे, शंकर पेडणेकर, ड्रायव्हर, शेजारचा बंगला
हफ्र अल बातिन, २ मार्च १९९१