फ्रॉक काळा, बटण पुढे

रविवार, ५ जानेवारी १९५८

कच्-कच्-कच्. मग थांबणे. पुन्हा कच्-कच्-कच्. गिरगावात आमच्या शाळेच्या खाली एक शिंपी बसे, त्याच्या कात्रीचा हा आवाज. वर आम्ही पोरे मास्तरांच्या मागून भुजंगप्रयात घोळवीत असू आणि खाली कात्री आमच्याच तालात चाले. चरण संपला की तीही थांबे. आज सकाळी दाढी करताना तो आवाज इतक्या वर्षांनी कानात वाजला आणि सगळे लख्ख दिसले. शिवण म्हणजे वृत्तच. मापात कापावे, यतीवर थांबावे, टोकाला टोक जुळवावे. ज्याला वृत्ते येतात त्याला फ्रॉक का येऊ नये?

निमित्तही चालून आले आहे. आमच्या नातीचे, नलूचे, बोरन्हाण १९ तारखेला संध्याकाळी. काळा फ्रॉक, वर हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरे-चुरमुरे. नलू चार वर्षांची. कपड्यांच्या बाबतीत तिच्याइतके चोखंदळ माणूस मी कचेरीत साहेबांतही पाहिले नाही. दुकानातून आणलेले फ्रॉक तिने अंगाला न लावता परत पाठवले. सूनबाई, कौसल्या, थकून म्हणाली, मामंजी, वरच्या रमाबाईंकडे शिवायला टाकू या. मी म्हणालो, घरात माणूस असताना बाहेर कशाला? तिने विचारले, कोण माणूस?

चिरंजीव जयवंत पेपरामागे हसला. पेपर हलला, त्यावरून कळले.

निश्चय: फ्रॉक मीच शिवणार.

सोमवार, ६ जानेवारी

दादरहून कापड आणले. काळे साटीन, एका बाजूने चकाकी. नलूची मुलाखत घेतली. तिच्या अटी अशा. कॉलर नको. बाही फुग्याची, पण दंडाला चावता कामा नये. खिसा हवा, त्यात चिंचोके मावले पाहिजेत. बटण मागे नको. का नको म्हणून विचारले, तर म्हणाली, मागचं मला दिसत नाही, कोणी काढून नेलं तर?

बिनतोड. या मुलीला पुढे वकिलीला घालावे.

टेपने माप घेतले नाही. ज्यांच्या कानाला मात्रा कळत नाहीत त्यांनी टेप वापरावी. मुख्य म्हणजे दोन ओळी सुचल्या:

निशेच्या नभासारखा काळसारा
नलूला शिवावा असा फ्रॉक न्यारा

पुढच्या ओळी उद्या. कटिंगही उद्या.

बुधवार, ८ जानेवारी

काल ओळींतच दिवस गेला. आज कटिंग. दोन्ही बाह्या उजव्या निघाल्या. एक उलटी करून पाहिली तर चकाकी आत गेली. दोष साटीनचा, ज्या कापडाला एकच तोंड ते घरात आणू नये. गळा घडीवर कापला होता. उलगडल्यावर वाटले, यातून मीसुद्धा जाईन. घालून पाहिला. गेलो.

तुकडे गादीखाली ठेवले. कौसल्येने विचारले, कुठवर आलं? मी म्हणालो, आकार घेत आहे. हे खोटे नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

आज जे केले ते लिहून मोकळा होतो, म्हणजे मनाला लागणार नाही.

तळमजल्यावरचे बाबुराव गिरणीत आहेत आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे आमच्या चाळीतले सगळे काम तेच पाहतात. त्यांनी माझ्या खाटेखाली एक गाठोडे ठेवले आहे. चाळीतल्या बायकांनी मागच्या बाजूला पिंपात बुडवून काळा केलेला मांजरपाट. इकडे नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला कोणी मंत्री येणार, त्यांना काळी निशाणे दाखवायची. तीही १९ तारखेलाच, सकाळी. बाबुराव म्हणाले होते, आजोबा, तुमच्या खाटेखाली पोलीस कशाला बघतायत! तुम्ही सभेला आलात तरी लोकांना वाटतं, वाट चुकून आलात.

एवढा विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता.

आज गाठ जराशी सैल केली. फक्त पोत पाहायला. मग थोडे कापड बाहेर ओढले. फक्त अंदाजाला. मग फ्रॉकापुरते कापून घेतले. एवढ्याशा कापडाने संयुक्त महाराष्ट्र अडणार नाही. शिवाय नलूही महाराष्ट्रातच राहणार आहे.

निश्चय: उद्या बाबुरावांना सांगणे.

शनिवार, ११ जानेवारी

बाबुरावांना सांगितले नाही. रात्रपाळी करून झोपले होते. गिरणीतल्या माणसाची झोप मोडणे पाप.

फ्रॉक तयार! रमाबाईंच्या मशीनवर शिवला. त्या शिवून देते म्हणत होत्या, पण मी मान्य केले नाही. पायाने मशीन, तोंडाने भुजंगप्रयात. रमाबाई म्हणाल्या, आजोबा, मशीन आहे हो ते, टांगा नाही. हाकताय काय असं? मशीनचे वृत्त वेगळे आहे, मला ते नीट लागेना, आणि दोरा यती नसलेल्या जागी तुटत होता. तरी फ्रॉक झाला. बाह्या जराशा पुढे वळतात, कोणाला तरी मिठी मारायला निघाल्यासारख्या. मला आवडले.

बोटे काळी झाली आहेत. कौसल्येने विचारले. मी म्हणालो, शाई. रोजनिशी लिहितोच आहे, तेव्हा हेही खोटे नाही.

रविवार, १२ जानेवारी

ट्रायल. नलूने आधी फ्रॉक हुंगला. म्हणाली, वास येतो. मी म्हणालो, नवा आहे ना. घातला. म्हणाली, हात खाली जात नाहीत. मी म्हणालो, बोरन्हाणात हात पुढेच लागतात, बोरे पकडायला. मग तिने बटणाकडे बराच वेळ पाहिले. म्हणाली, हे बटण माझ्याकडे बघतंय. फ्रॉक काढला आणि परकरावर गॅलरीत निघून गेली. हनुवटीला काळा रंग लागला होता. शेजारपाजाऱ्यांना वाटले असेल, दृष्ट लागू नये म्हणून तीट लावली.

दुपारी कौसल्येने गाद्या उन्हात घातल्या. साटीनचे तुकडे तिच्या हाती लागले. एकेक तुकडा सरळ करून तिने घडी घातली आणि होते तिथेच ठेवले. काही बोलली नाही. म्हणजे तिला काही कळलेले नाही. सुटलो.

तरीही गादी आता सुरक्षित नाही. नापास फ्रॉक गाठोड्यातच ठेवला. ते समितीचे आहे, त्याला घरात कोणी हात लावणार नाही.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

बाबुराव तिळगूळ द्यायला आले. आज सांगायचेच असे ठरवले होते. वाक्यही तयार होते. पण आजच्या दिवशी गोड बोलावे लागते, आणि हे गोड नव्हते. सणाचा मान ठेवला. बाबुराव वाकून पाया पडले. म्हणाले, आजोबा, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय. तिळगूळ घशात अडकला. हलव्यात हल्ली काटा फार करतात.

ते गेल्यावर गाठोड्यातून आणखी कापड घेतले. पहिल्या खेपेचे वाया गेले आहे, ते सार्थकी लावायचे तर दुसरी खेप पाहिजेच.

गुरुवार, १६ जानेवारी

या वेळी गळ्याची सर्व काळजी घेतली. इतकी, की नलूचे डोके त्यातून येईना. मग ते ना वर ना खाली असे अडकले. मी तिला धीर यावा म्हणून कविता म्हटली. आतून आवाज आला, आजोबा, कविता नको, आई हवी. कौसल्येने कात्रीने गळा कापून तिला बाहेर काढले. डोके मोठे आहे पोरीचे. आमच्या घराण्यात पूर्वीपासून.

फाटका फ्रॉक हातात धरून कौसल्या म्हणाली, मामंजी, हे साटीन नव्हे. मी म्हणालो, दादरला दुसरे घेतले. ती नुसती बरं म्हणाली. मग बाजूला बसून, नलूला ऐकू जाणार नाही असे म्हणाली, नाही जमलं तर नाही जमलं. तेवढं मला सांगा फक्त. माझ्या माहेरची माणसं येतायत, ऐनवेळी पोरीला काय घालू? तुम्ही नाही म्हणालात तर आज रमाबाईंना सांगते.

एक शब्द हवा होता: नाही. दोन अक्षरे, दोन्ही गुरू. आयुष्यभर म्हटलेला. मी म्हणालो, फ्रॉक झाला आहे, इस्त्रीला दिला आहे.

तिचा चेहरा इतका सुटला की मला पाहवेना. खाली जाऊन आलो. इस्त्रीवाल्याच्या दुकानावरून गेलो, तेवढाच खरेपणा.

निश्चय: उद्या सकाळी बसून शनिवारपर्यंत चौथा फ्रॉक उभा करणे. गाठोड्यात कापड आहे अजून.

शनिवार, १८ जानेवारी

काल अंग मोडून आले होते. आज बसणार तोच संध्याकाळी बाबुराव आले, गाठोडे खांद्यावर टाकले आणि निघाले. मी जिन्यापर्यंत मागे गेलो. म्हणालो, बाबुराव, एक सांगायचं होतं. ते म्हणाले, आजोबा, उद्या पहाटे काठ्या लावायच्यात, परवा सांगा. सार्वजनिक कामात व्यत्यय आणणे मला पटले नाही.

गाठोड्यात काय आहे ते आठवून जिन्यावर बसून राहिलो. फ्रॉकाचे पुढचे-मागचे भाग, बाह्या, गळे असे सगळे कापून उरलेले भोकाभोकांचे कापड. आणि तो अख्खा फ्रॉक.

पण पहाटे अंधारात कोण कशाला बारकाईने पाहणार?

कौसल्या आत हलव्याचा हार ओवते आहे. म्हणाली, इस्त्रीवाल्याकडून आणलात ना? उद्या रविवार, त्याचं दुकान बंद. मी म्हणालो, तो घरी आणून देणार आहे.

रविवार, १९ जानेवारी. दुपार

सगळे पाहिले. सगळ्या चाळीने पाहिले.

मोर्चा आमच्याच रस्त्याने गेला. जयवंत ऑफिसच्या चार मित्रांबरोबर त्यातच होता. झालाच पाहिजे, झालाच पाहिजे, अशी घोषणा अंगावर काटा आणत होती. मग निशाणे दिसू लागली. एका निशाणाला मधोमध गोल गळा, त्यातून मागच्या माणसाची टोपी दिसत होती. एकाला दोन्ही बाजूंनी बगला. आणि सगळ्यांत पुढे, सगळ्यांत उंच बांबूवर, पुढे बटण असलेला, दोन्ही बाह्या मंत्रिमहाशयांच्या दिशेने पसरलेला नलूचा फ्रॉक. बाबुरावांच्याच हातात. अंधारात त्यांनी बांधला असावा.

मग कोणी तरी मागून ओरडले, मंत्र्यांचं झबलं! सगळा रस्ता हसला. मग मंत्र्यांचं झबलं हीच घोषणा झाली. मला लगेच उमगले की हा उपरोध माझ्या मनात पहिल्यापासून कुठे तरी असणारच. कवीचे असेच असते.

तेवढ्यात आमच्या गॅलरीतून नलू सगळ्यांच्या वर ओरडली, आई, माझा फ्रॉक!

कौसल्या बांबूकडे पाहत होती. मग तिने माझ्या बोटांकडे पाहिले. आत गेली, आणि ओवायला घेतलेला हार पुढे ओवू लागली. मी तिच्यामागे गेलो. म्हणालो, हा उपरोध आहे. ती म्हणाली, हो मामंजी.

पुढे पोलीस आले. निशाणे काढून घेतली. बाबुराव आणि आणखी काही जणांना गाडीत घालून नेले. जयवंत परत आला आहे. म्हणतो, संध्याकाळपर्यंत सोडतील. आणि म्हणाला, बाबा, ते कापड बायकांनी किती मेहनतीने रंगवलं होतं. पुढे काही म्हणाला नाही. पुढे म्हटले असते तर बरे झाले असते.

निश्चय: पोलीस विचारायला आलेच तर पुढे होऊन सांगणे. मीच कापले, मीच शिवले, माझ्याच खाटेखाली होते. मला नेले तरी चालेल. गॅलरीत उभे राहून खड्या आवाजात तीनचारदा म्हणून पाहिले. चांगले वाटले. या वयात तुरुंग म्हणजे थोडा त्रास, पण लिहायला वेळ मिळेल.

रविवार, १९ जानेवारी. संध्याकाळ

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून लिहितो आहे. बाहेर कौसल्येच्या माहेरची माणसे, चाळीतल्या बायका, पोरांचा गलका. पाटावर नलू. अंगावर फ्रॉक नाही. कौसल्येने आपली संक्रांतीची नवी काळी चंद्रकळा चार पदरी करून तिला गुंडाळली आहे. स्वतः जुने पातळ नेसली. नलूची एकच तक्रार चालू आहे, हे नको, काठीवरचा फ्रॉक पाहिजे. गेल्या रविवारी वास येणारा, बघणारा, हात धरणारा होता तोच फ्रॉक. माझी कला पोरीला पटायला एका बांबूएवढी उंची लागली.

आत्ताच दारावर थाप पडली. सगळ्यांना वाटले, बाबुराव सुटून आले. मीही उठलो.

दारात हवालदार. काखेत टोपी, हातात नीट घडी केलेला तो फ्रॉक. गलका थांबला. म्हणाला, बाबुरावांनी हीच खोली सांगितली. आमचे साहेब म्हणतात, हे निशाण नव्हे, लहान पोराचा कपडा आहे, ज्याचा त्याला देऊन या. मग फ्रॉक उलगडून, बाह्या इकडून तिकडून पाहून त्याने विचारले, शिवला कोणी हा?

वेळ आली होती. जयवंतने माझ्याकडे पाहिले. रमाबाईंनी पाहिले. मी घसा साफ केला आणि खड्या आवाजात म्हणालो, आमच्या सूनबाईंनी.

यात विचार होता. बाईमाणसावर गुन्हा लावायला कोणताही हवालदार कचरतो. मी तिचे नाव घेतले ते एका अर्थी सर्वांच्याच भल्यासाठी.

हवालदार कौसल्येकडे वळला. म्हणाला, असू दे बाई, शिकताना होतं असं. कौसल्येने पदर सावरला. म्हणाली, हो ना, अजून हात बसला नाही माझा.

मग तिने त्याला तिळगूळ दिला, बसायला खुर्ची दिली. चहाचे आधण ठेवायला इथे आत आली आहे. मी लिहितो आहे आणि ती माझ्यापासून हातभर अंतरावर स्टोव्हला पंप मारते आहे. इकडे पाहत नाही.