हललं तेवढंच नांदेडला पोचलं

॥ श्री ॥

लातूर, भर उन्हाळा

बालमित्र आणि (मी अजून आशा सोडलेली नाही म्हणून) होणारे व्याही अंबादासराव यांस,

रेणुकादासचा सप्रेम नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? वहिनींचा दमा? आमच्याकडे उकाडा सोडून सगळं खुशाल आहे. आपण नांदेडला एका बाकावर बसून कविता घोकल्या, त्या हिशेबाने 'अरे-तुरे'च लिहायला हवं. पण सोयरीक ठरेपर्यंत किंवा मोडेपर्यंत अहोजाहो करावं, असं सूनबाईंनी बजावलंय.

परवा फोनवर 'मुलगी शिष्ट दिसते, वडीलधाऱ्यांशी नीट बोलत नाही, असं घरात मत पडलं' एवढं सांगून आपण फोन ठेवलात. आमच्या नातीचं लग्न त्या एका वाक्यावर अडलंय, म्हणून इकडे काय घडलं ते सविस्तर लिहितो. (पाल्हाळ होईल. मराठीचा मास्तर निवृत्त होतो, पाल्हाळ होत नाही.)

मुळात मुलगी बघायला माणसांनी यावं, ही रीत. पण आमची श्रद्धा इथल्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते आणि आपला नातू अनय त्याच क्लासच्या नांदेड शाखेत व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचं यंत्र बसवायला बेंगळुरूहून आलेला. रजा दोघांनाही नाही. पूर्वी या गावात घरोघरी पापड वाळायचे, आता घरोघरी बारावीची पोरं वाळतात. असल्या हंगामात रजा कोण देणार? तेव्हा संचालक उदारपणे म्हणाले, दोन बॅचेसच्या मधे अर्धा तास यंत्र वापरा, पोहे तेवढे दोन्हीकडे वेगवेगळे करा. आमच्या मागे त्यांनी क्लासची जाहिरात टांगून ठेवली होती, ती आपण वाचली असेलच.

आदल्या दिवशी अनयने फोनवर सूचना दिल्या. पोरगा गोड बोलतो. म्हणाला, आजोबा, लाइन बारीक आहे, सगळं चित्र मावत नाही. म्हणून यंत्र जे हलतं तेवढंच पाठवतं, स्थिर असेल ते पलीकडे आधीचंच ठेवून देतं. पुढे तर म्हणे माणसाचं चित्र पाठवायचंच नाही, नुसत्या खुणा पाठवायच्या. नाक-डोळे पलीकडचं यंत्र आपल्या मनाने रचेल. मी म्हटलं, बाळा, दोन ओळींत चंद्र आणि उरलेलं आभाळ वाचणाऱ्याने भरायचं, हे आम्ही चौथीतच शिकलो. (यावर त्याने नुसतं 'हॅलो, हॅलो' केलं. लाइन बारीक असावी.)

झालं! कमी हलाल तेवढं चित्र चांगलं, हे सूनबाईंनी, म्हणजे विनीताने, इतकं मनावर घेतलं की पंखा बंद, श्रद्धाची बारीक बुट्ट्यांची साडी (बुट्ट्या पडद्यावर नाचतात म्हणून) रद्द, आणि आम्ही सगळे जुन्या फोटो स्टुडिओत बसल्यासारखे ताठ. घाम पुसायचीही चोरी. शांतता फार झाली म्हणून मी माझी 'पाखराचे मनोगत' ही कविता म्हणायला घेतली. कविता म्हणताना माझे डोळे मिटतात, हे आपण जाणताच.

आणि तिकडे अनयच्या मातोश्री राजश्रीताईंनी पोह्यांचं ताट कॅमेऱ्याच्या टेबलावर दाणकन ठेवलं. आपल्याला ते नुसतं ताट. आमच्या मंडळींना पडद्यावर काय दिसलं? भिंत, कॅलेंडर, आपण स्वतः, सगळं नांदेड डावी-उजवीकडे डोलतंय! अंबादासराव, त्र्याण्णव सालच्या भूकंपानंतर आम्ही कित्येक महिने अंगणात झोपलो. अजून इथली माणसं कुणाच्याही घरी गेली की आधी टांगलेल्या दिव्याकडे बघतात. हललेलं दिसलं की पाय निघतात, हलतंय कोणतं गाव हे पाय विचारत नाहीत. व्यंकटी शिपाई ओरडला, "बाई, पळा! नांदेड हालायलंय!" आणि सगळे पळाले. ते बघून शेजारची अख्खी बॅच नोट्स छातीशी धरून मैदानात. (एकाने बाहेर उभ्या उभ्या गणित पुरं केलं म्हणतात. संचालकांनी त्याचा फोटो काढून घेतला.)

आता एकदम एवढं सगळं हललं, ते यंत्राला पेलवलं नाही. चित्र अडकलं. आपल्याला श्रद्धा मान खाली घालून बसलेलीच दिसत राहिली, प्रत्यक्षात ती मैदानात होती. आवाज मात्र जात होता, आणि खोलीत उरलो होतो मी एकटा, मिटल्या डोळ्यांनी. राजश्रीताईंनी विचारलं, स्वयंपाकाची आवड आहे का? उत्तर गेलं, 'वारा आला, वारा गेला, मज कशाचे काय!' लग्नानंतर नोकरी सोडणार का? तर 'पाखरू मी उंच उडाले, कोण मला अडवील!' ताईंनी 'मुलीचा घसा बसलाय का' असंही विचारलं म्हणे. अनय चित्र अडकल्याचं सांगत होता, पण घरात यंत्रातलं ज्याला कळतं त्याचंच कुणी ऐकत नाही.

मग चित्र सुटलं आणि आपण पाहिलंत की मुलगी म्हाताऱ्याला दंडाला धरून ओढत नेतेय. खरंय. पण मैदानात ती सुखरूप पोचली होती. आजोबा नाहीत, हे दिसताच मागे फिरली. जी इमारत आता पडणार अशी तिची खात्री होती, तिच्यात परत शिरली. आपल्याकडे तिचं ओढणं पोचलं. तिचं परत येणं लाइनीत मावलं नाही. ते या पत्राने पाठवतोय.

थोरांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि राजश्रीताईंना जे योग्य असेल ते.

आपला
रेणुकादास

ता. क. पत्र श्रद्धाने वाचलं. म्हणते, सगळं बरोबर आहे, पण नोकरीविषयीचं कवितेतलं उत्तर आजोबांचं नव्हे, माझंच समजावं. तिचं हे मत मला आधी कळलं असतं तर मी कविता बदलली असती.

आणखी एक. अंबादास, (आता अरे-तुरेच. अहोजाहोने एवढं अवघड लिहवत नाही.) हे पत्र पोस्टाने येणार नाही. संचालकांना न विचारता रजा टाकून पोरगी सकाळच्या अहमदपूरमार्गे गाडीने निघतेय, पत्र तिच्याच हाती देतोय. तू हे वाचत असशील तेव्हा ती दारात उभी असेल. तिला आत घे. अनयला बघायला आली आहे, तेव्हा त्याला नीट बसव आणि मधे कुणी बोलू नका. मुक्कामाला ती थांबणार नाही. दुपारच्या गाडीच्या आत त्याने काय ते सांगावं.