स्क्रूवरचा लाल ठिपका

प्रिय खटपटी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते उभ्या उभ्याच फाडलं असशील. बाबांनी पत्र लिहिलंय म्हणजे घरी नक्की काहीतरी झालंय, असंच तुला वाटणार. काही झालेलं नाही. आई ठणठणीत आहे. आत्ता माझ्यासमोर बसून वाटाणे सोलतेय आणि मी काय लिहितोय ते उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करतेय. माझाही डावा गुडघा सोडला तर बाकीचे सगळे पार्ट जागेवर आहेत. तेव्हा सावकाश वाच. जन्मभर शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला लिहायची सवय नसते, मला मुद्द्यावर यायला वेळ लागेल.

तुझं मागचं पत्र आईने मला मोठ्याने वाचून दाखवलं. डेपोच्या वर्कशॉपात दोन जागा निघाल्यात, तुझ्यासारख्या ऑफिसातल्या माणसांनाही अर्ज करता येतो, शुक्रवारी मुदत संपते, आणि तू अर्ज करणार नाहीस. इथवर आईने धडाधड वाचलं. पुढच्या ओळीला मात्र ती अडखळली. माझा हात लागला की चालू यंत्र बंद पडतं, हे बाबांनी डोळ्यांनी पाहिलंय, असं तू लिहिलं होतंस. आई माझ्याकडे बघत राहिली. मी दुकानात काम आहे म्हणून उठलो. रविवार होता, दुकान बंद होतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुकानामागच्या पत्र्याखाली तुझ्या काकाची मोटारसायकल अजून उभी आहे. नऊ वर्षं तिच्यावर ताडपत्री होती आणि त्या सकाळबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नव्हतं. ती सकाळ मला जशीच्या तशी आठवते. तू एकोणीस वर्षांची. चार महिने राबून तू ती मेलेली गाडी उठवली होतीस. आदल्या संध्याकाळी तिने गल्लीला तीन फेऱ्या मारल्या, एका फेरीत तर तुझी आई मागे बसली होती, चप्पल हातात धरून! पुलाजवळच्या गॅरेजवाल्याने शब्द दिला होता की गाडी चालू करून दाखव, मी तुला शिकाऊ म्हणून घेतो. सकाळी तो स्वतः आला, आणि गाडीने दगा दिला. तू किक मारून मारून घामाघूम झालीस. प्लग बदललास, कॉइलच्या वायरी काढून परत जोडल्यास. रात्रीतून कुणी गाडीला हात लावला का, असं तू आम्हा सगळ्यांना विचारलंस. सगळे नाही म्हणाले. मीही नाही म्हणालो. गॅरेजवाल्याने घड्याळ बघितलं, होतं असं कधीकधी, म्हणाला आणि गेला. आणि मी सगळ्या गल्लीदेखत तुला म्हणालो की सोड आता, हे तुझं काम नव्हे, कुठेतरी टेबल-खुर्चीची नोकरी बघ. एकेक पाना पुसून माझ्या कपाटात ठेवलास. त्यानंतर तू घरातला साधा स्क्रू ड्रायव्हरही हातात घेतला नाहीस.

तर परवा ताडपत्री काढली. मनात बेत असा होता की कुठला पार्ट दगाबाज निघतो ते शोधावं आणि तुला कळवावं, बघ, कॉइलच खराब होती, त्याला तू तरी काय करणार. बॅटरी शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी दिली. बॅटरीबरोबर ते स्वतःही आले आणि खुर्ची टाकून बसले. टाकी धुतली, नवं पेट्रोल भरलं, कार्बोरेटर साफ केला. मग प्लग काढून वायरीच्या टोकाच्या कॅपमध्ये घातला, इंजिनाला टेकवून धरला आणि किक मारली. करंट नाही. नवा प्लग आणला, तरी नाही. कॅप काढून उघडी वायर इंजिनाजवळ धरली, तरी अंधार. चावीकडून येणारी वायर तपासली, ती ठीक होती. कॉइल पार्टच्या दुकानात नेऊन दाखवली, तीही ठीक. कॉइल चांगली निघाल्यावर मी हिरमुसलो. खोटं कशाला बोलू? मला ती खराबच हवी होती.

उरले पॉइंट. तुला काय सांगायचं म्हणा, पण आई आता खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसलीय आणि तिला कळत नाहीये, म्हणून लिहितो. इंजिनाच्या बाजूला गोल झाकणाखाली दोन बारीक टिकल्या असतात. त्या एकमेकींना चिकटतात, सुटतात, आणि सुटताना प्लगला ठिणगी पडते. इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून एक कॉइलकडून पॉइंटला येणाऱ्या वायरीला लावली, एक इंजिनाला. टिकल्या चिकटल्या की बल्ब विझायला हवा, सुटल्या की पेटायला हवा. आमचा बल्ब पेटलेलाच राहिला. डोळ्यांना टिकल्या चिकटलेल्या दिसत होत्या, पण त्यांच्यातून करंट जात नव्हता. ड्रायव्हरकाका म्हणाले, पोरीने टिकल्यांमधली गॅप चुकवली असणार. मी मान डोलावणार होतो, तेवढ्यात मला पॉइंटच्या स्क्रूवरचा तो लाल ठिपका दिसला.

आठवतंय? गॅप जुळवून स्क्रू आवळल्यावर तू आईच्या नेलपॉलिशचा एक थेंब त्याच्यावर ठेवला होतास, अर्धा स्क्रूवर, अर्धा त्याच्याखालच्या पट्टीवर, म्हणजे स्क्रू जरा जरी हलला तरी कळेल. ठिपका अखंड होता. कपाटातून गॅप मोजायचा तुझा गेज काढला, त्याची तू वापरलेली पाती टिकल्यांमध्ये सरकवली. जेवढी अडायला हवी तेवढीच अडली, केसभरही कमी-जास्त नाही. नऊ वर्षं! ड्रायव्हरकाकांनी स्वतः चष्मा लावून बघितलं आणि मला चहा करायला पिटाळलं.

चहा पिऊन मी माझ्या दुकानाचं कार्ड घेतलं, टिकल्यांमध्ये घालून ओढलं. त्याच्यावर पिवळट चिकट पट्टा उठला. तो मी नाकाशी नेला. तो वास मला झोपेतही ओळखू येईल. ते माझं तेल होतं.

फेऱ्यांनंतर त्या संध्याकाळी तू हात धुवायला आत गेलीस तेव्हा मी झाकणाचे दोन स्क्रू काढून आत डोकावलो होतो. तुझं काम बघायला. बघून ऊर भरून आला, ते मात्र तुला कधी बोललो नाही. आतल्या टिकल्या एकदम कोरड्या दिसल्या. चाळीस वर्षं मी प्रत्येक मशीनच्या हलणाऱ्या भागात दोन थेंब तेल सोडत आलोय, कोरडं काही दिसलं की माझा हात आपोआप डबीकडे जातो. सोडले दोन थेंब, झाकण लावलं, आणि विसरलो. तिथे तेल गेलं की करंट अडतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सकाळी तू विचारलंस तेव्हा मी जाणूनबुजून खोटं बोललो नाही गं. तेल घालणं म्हणजे हात लावणं, असं मला कधी वाटलंच नव्हतं. आणि तू ते झाकण उघडलं नाहीस, कारण तिथलं काम चोख झालंय हे तुला माहीत होतं. तुझं बरोबर होतं. माझं चुकलं, बाळा. गाडी मी बंद पाडली आणि बोल तुला लावला.

टिकल्या पेट्रोलने पुसल्या, कोरड्या केल्या. आईने कोरड्या फडक्यात प्लग धरला, मी उजव्या पायाने किक मारली, आणि अशी निळीशार ठिणगी पडली की आईने प्लग टाकून दिला. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. स्क्रूला मी हात लावलेला नाही. हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच, की तुझ्या हाताबद्दल नऊ वर्षं तू जे मानून बसलीस ते शुक्रवारच्या आत खोटं ठरायला हवं. दुकानाचं ते कार्ड सोबत पाठवतोय, तेलाच्या डागासकट, माझ्या शब्दावर विश्वास बसला नाही तर हुंगून बघ. अर्ज भर. गुरुवारी सकाळी मी हीच गाडी चालवत तुझ्या डेपोच्या फाटकाशी येतो. वाटेत बंद पडली तर मी झाकणाला बोटही लावणार नाही, तुला निरोप धाडून रस्त्याच्या कडेला वाट बघत बसेन.

तुझाच,
तेलाची डबी आईने जप्त केलेला
बाबा