उजव्या मुंढ्याचे टाके

चिलोए बेट, ऑगस्ट

प्रिय एलिसेओ,

गेल्या आठवड्यात आईने तुझ्या स्वेटरच्या उजव्या मुंढ्याचे टाके उचलले. सहा वर्षं तो बिनबाह्यांचा खुंटीवर लटकत होता. आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे: पाठ-पोट विणून झालं की ज्याचा स्वेटर त्याने तो अंगात घालून हात आडवा धरून उभं राहायचं, मगच कडेचे टाके सुईवर घ्यायचे. तुझी आणि आबेलची होडी उलटली त्या दिवसापासून आई एकच म्हणायची, "बाही राहिलीय ना? मग त्याला यावंच लागेल."

आबेलचं प्रेत तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं. त्याची आई, क्लोरिंडाकाकू, अजून आमच्या चुलीवर बटाट्याच्या मिल्काव-भाकऱ्या भाजायला येते. मागच्या महिन्यात ती आईला सहज म्हणाली, "मला फुलं ठेवायला जागा तरी आहे गं. तू काय, खुंटीला वाहणार?" त्यानंतरच्या रविवारी आईने पाद्रीबाबांना सांगून टाकलं की आबेलशेजारी तुझीही पेटी पुरायची, आत स्वेटर ठेवून. पण बिनबाह्यांचा कसा ठेवणार, पोर गारठेल, म्हणून तिने मला उभं केलं. "ये, तुझे खांदे त्याच्यासारखेच, बैलाचे," म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

मी चुलीपाशी हात आडवा धरून उभी राहिले. आईला आता नीट दिसत नाही, कड ती बोटांनीच चाचपते. चार ओळींमागे तीन टाके, चौथी ओळ सोडायची. सुई खांद्यावरून बगलेकडे फिरत होती. मध्येच ती म्हणाली, "एलिसेओ, हलू नको रे." मी "नाही आई" म्हटलं, आणि तेही तुझ्यासारखं, खालच्या आवाजात. का म्हटलं, मला कळत नाही. तेव्हापासून भांडी घासताना, शेळ्या बांधताना, ती सुई माझ्या खांद्याभोवती फिरतेच आहे. मला फार भीती वाटते.

मेलेल्याच्या जागी उभी राहिले असते तर इतकी भ्याले नसते. जानेवारीत माझा नवरा मेंढ्या कातरायला दक्षिणेत गेला होता. पुंता अरेनासच्या बाजारात त्याने तुला पाहिलं. तुझ्या कडेवर मुलगी होती. तूही त्याला ओळखलंस आणि मान खाली घालून निघून गेलास. पत्ता त्यानेच शोधला. एकटा वाचलास म्हणून काकूला तोंड दाखवायची लाज वाटली असेल, हे मला समजतं. म्हणूनच इतके महिने आम्ही दोघं गप्प राहिलो.

पण आता गप्प राहवत नाही. उजवी बाही मनगटापर्यंत आली आहे. डाव्या मुंढ्याचे टाके आई सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी उचलणार आहे. त्याआधी ये आणि स्वतःचा हात स्वतः धर. काकूपुढे मी तुझ्यासोबत उभी राहीन. नाहीच आलास तर डाव्या बाहीलाही मीच उभी राहीन, आईला काही सांगणार नाही, पेटी जमिनीत जाईल. मग मात्र कधीच येऊ नकोस. स्वतःच्या हाताने पुरलेला मुलगा दारात दिसला, तर आई ते सोसणार नाही.

तुझीच,
हेर्मिंडाताई