डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गप्प बसा

४ मे, सोमवार

गप्प बसायचं! मी!

झोंबा शहरातल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून बघितलं. म्हणाल्या, "स्वरयंत्रावर गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवू. तोवर एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही!" आमचे बिस्विक शेजारीच बसलेले. चेहरा असा खुलला, जणू कुणी त्यांना नवी कोरी सायकल दिली! बिचाऱ्यांचा दोष नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना एकही वाक्य पुरं करू दिलेलं नाही.

म्हणून ही वही. इथे बोलले नाही तर फुटेन मी.

७ मे

गळ्यात पाटी अडकवून फिरतेय. शाळेतल्या पोरीसारखी.

मालिता आली, भोपळ्याची कोवळी पानं घेऊन. "एनेलेसीताई, देव बरं करील. रविवारची काळजी करू नका, गाणं मी उचलते." देवळातल्या गायनमंडळात पहिली ओळ नेहमी मी उचलायची, मग बाकीच्यांनी झेलायची. मालिता कधीपासून टपून बसलीय त्या ओळीवर!

असो. माझी मैत्रीण आहे. पानं कोवळी होती.

१० मे, रविवार

काय उचलली ओळ! थेट छपराला! दुसऱ्या कडव्यापर्यंत मालिता आणि वरची वटवाघळं, एवढेच उरले. पुरुषांनी तर केव्हाच माना खाली घातल्या.

मला हसू आवरेना. आवाज काढायचा नाही, म्हणून तोंड दाबून गदगदा हलत होते. आमच्या देवळाचे वडीलधारे फ्लायवेलकाका, त्यांच्या बायकोला वाटलं, मी रडतेय. तिने मला घट्ट जवळ घेतलं.

मग खरंच रडले.

१९ मे

बायबलातल्या ईयोबाला संकटात तीन मित्र उपदेश करायला आले होते. मला आज पाच बायका आणि फ्लायवेलकाका. ईयोब सुटला म्हणायचा!

एकीने हळूच विचारलं, "काही लपलेलं पाप आहे का गं? आठवून बघ." मी पाटीवर लिहिलं, "आहे. तुमच्याबद्दलच बोलले होते. सांगू?" बाई लगेच मक्याच्या पिकावर घसरल्या.

फ्लायवेलकाका म्हणाले, "परीक्षा असते, बाई. अब्राहाम तर स्वतःचा मुलगा द्यायला निघाला होता." मी लिहिलं, "त्याला मुलाऐवजी झुडपात एडका सापडला. माझा एडका कुठाय?" काका चष्मा विसरलेले. पाटी हातभर लांब धरून वाचलं, "ए-ड-का." मग मान डोलावली. "बरोबर आहे. आजारपणात मटण हवंच!"

२० मे

काका खरंच आले. एडका नाही, कोंबडी. मोठ्या मनाचा माणूस.

२ जून

कॅन्सर आहे. सगळं स्वरयंत्र काढावं लागेल, ब्लँटायरच्या मोठ्या दवाखान्यात. जगेन. आवाज कायमचा जाईल. श्वाससुद्धा मानेला पाडलेल्या भोकातून.

बिस्विकनी विचारलं, "आणि नाही काढलं तर?"

डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

३ जून

प्रभू, तुझ्याकडे दुसरे अवयव नव्हते का? माझा डावा गुडघा घे. नाहीतरी कुरकुरतो. कान घे, मालिताचं गाणं तरी ऐकावं लागणार नाही. पण हे? दिलंस तूच. मी वापरलं तुझ्याचसाठी! (आणि थोडं शेजारणींवर. कबूल.)

सकाळपासून स्तोत्रं चाळतेय. पानोपानी एकच हुकूम — गा, गा, परमेश्वराला गा! कशाने गाऊ? कोपराने?

मी ऑपरेशन करून घेणार नाही. ठरलं.

६ जून

बिस्विक अंगणात पंक्चर काढत होते. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता, माझ्याकडे न बघता बोलायला लागले. आणि बोलतच राहिले! मध्ये तोडायला मी नव्हते ना.

"देवळात तू गातेस तेव्हा मी मागे बसतो. लोकांना वाटतं, मला झोप लागते. मी डोळे मिटून ऐकत असतो. आता हे ऐक — देवाला गाणारे पुष्कळ आहेत. एक कमी झाली म्हणून त्याची उपासना अडायची नाही. माझ्याकडे तू एकच आहेस. मला गाणारी नको, एनेलेसी. असणारी हवी."

मग बुडबुडा सापडला. त्यावर बोट दाबून बिस्विक बसून राहिले. रबराचा तुकडा पुढ्यातच होता, पण उचलेनात.

मी पाटीवर "बरं" लिहिलं. खडू दोनदा मोडला.

देवा, मला अजून काहीएक कळलेलं नाही. शांती-बिंती उतरलेली नाही. पण तुझ्याशिवाय भांडू तरी कुणाशी? ब्लँटायरच्या बसमध्ये माझ्या शेजारी बस. खिडकीची जागा तू घे.

१५ जून, ब्लँटायर

उद्या ऑपरेशन. सर्जन म्हणाले, "आज बोललात तरी चालेल. जे काही बोलायचंय ते बोलून घ्या."

काय बोलायचं? दुपारी खाटेवर उठून बसले आणि गायले. घोगरा, फाटका आवाज, मालिता ऐकती तर खूश झाली असती! समोरच्या खाटेवरच्या आजींनी दुसरी ओळ झेलली. मग कोपऱ्यातलीने. मग अख्ख्या वॉर्डाने. नर्स औषधांची गाडी धरून दारातच उभी राहिली. शेवटी मी मोठ्याने "आमेन" म्हटलं आणि ठरवलं, हाच आपला शेवटचा शब्द. झकास. शोभून दिसेल.

तेवढ्यात बिस्विक जेवण घेऊन आले. इथे रुग्णाच्या माणसांनी मागच्या अंगणात स्वतःच शिजवायचं. सगळ्या बायकांमध्ये हे एकटे चुलीवर! मक्याच्या पिठाचा न्सिमा गिचका झालेला. भाजीचा घास तोंडात घातला आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "अहो, मीठ!"

झालं. तीस वर्षं देवाची स्तुती केलेल्या तोंडाचा शेवटचा शब्द — मीठ.

देवा, हसतोयस ना? मीही हसतेय.  

२७ जून

आहे.

३० जून

मानेतून शिंकते! नर्सने सांगितलं होतं, तरी पहिल्यांदा मीच दचकले. वासही येत नाहीत आता. म्हणजे बिस्विकची वाळवलेली मासळी उशाशी ठेवली तरी चालेल. पहिला आशीर्वाद! मोजायला घेतलेत, पुढे जात नाहीत.

पहाटे जाग आली की तोंड उघडतं. सवयीने. काही येत नाही.

२ ऑगस्ट, रविवार

मालिता घरी येऊन खाटेवर बसली नि भोकाड पसरलं. "ताई, मला नाही झेपत. मी उचलते नि सगळे पडतात. तुम्ही नुसत्या पुढे उभ्या राहा!"

राहिले. पण पुढची ओळ ओरडून सांगणार कशी? हाताने केली. पावसाला बोटं खाली, नदीला मनगट लहरवत, "तो मला उचलून नेतो" याला पाठीवर मूल बांधल्यासारखं. मालिता कुजबुजली, "ताई, हा पाऊस की कोंबड्यांना दाणे?" सगळं गायनमंडळ खिदळलं. माझे खांदे हलायला लागले.

पण सूर जागेवर होता. छपराखाली.

१६ ऑगस्ट, रविवार

आज एस्नात आली होती. मडकी करते ती, नदीपलीकडची. लहानपणीच्या तापात कान गेले, तेव्हापासून देवळाकडे फिरकलीच नव्हती. कशाला येईल? आज बहिणीबरोबर येऊन पहिल्याच बाकावर बसली.

दुसऱ्या कडव्याला उठून उभी राहिली. तिचे हात माझ्याबरोबर चालायला लागले. पाऊस. नदी. पाठीवरचं मूल. मंडळाचे शब्द चुकले, मग थांबलेच. आम्ही दोघी थांबलो नाही.

नंतर बाहेर मला धरून ती हातवारे करत सुटली. रागावल्यासारखी! बहीण हसत, डोळे पुसत सांगत होती — "ही म्हणतेय, इतकी वर्षं तुम्ही सगळे तोंडं उघडून हे करत होतात? मग मला कुणी सांगितलं का नाही?"