उजव्या स्पीकरची तपासणी

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
कॉम्प्युटरचा उजवा स्पीकर नुसता कण्हतोय. माझं पोट या दोन डब्यांवर आहे. बोलक्या पुस्तकांची रेकॉर्डिंग घरी ऐकायची, दोन्ही बाजूंचा आवाज सारखा करायचा. स्टुडिओच्या मॅडमचं म्हणणं, माझ्या मागच्या तीन पुस्तकांत उजवी बाजू किंचाळते. चौथंही तसंच आलं तर दुसरा माणूस बघणार. मुदत शुक्रवार.
निर्धार: शांत डोकं. शास्त्रीय पद्धत.

९.१०.
स्पीकरच्या टाळक्यात एक ठेवून दिली. फरक नाही. आणखी तीन दिल्या. बोटं सुजली.

४ मार्च, मंगळवार.
उजवा स्पीकर डावीकडे ठेवला, डावा उजवीकडे. उजवीकडे आलेला डावा कण्हायला लागला. काल ठणठणीत होता! म्हणजे दोष वायरचा. वायर दातांनी तोडली (मिक्सरच्या दुरुस्तीपासून बायको कात्री लपवून ठेवते). नवी आणली. परिस्थिती जैसे थे.
बायको म्हणाली, दोन्ही छान वाजतायत. ती शाळेत गाणं शिकवते, पण मशीनचं ऐकायला वेगळा कान लागतो.

५ मार्च, बुधवार.
साउंड कार्ड उपटलं. स्क्रूड्रायव्हर तळहातात घुसला. कीबोर्डवर रक्त. कॅबिनेटला लाथ घातली, पायाचा अंगठा निळा पडला. नवं कार्ड बसवलं. रड तीच.
दुपारी खुर्ची फिरवून स्पीकरकडे पाठ करून बसलो. तर मेलेला उठून बसला आणि धडधाकट होता तो मेला. दोघं मी कुठे तोंड करून बसतो ते बघून चेष्टा करतायत. जरब बसावी म्हणून एकाची जाळी हातोडीने ठेचली. बरं वाटलं.
बायकोने अबोला धरलाय. सोफ्यावर शेजारी बसून चार वेळा विचारलं, चहा करतेस का. उत्तर नाही. जेवताना समोर आल्यावर म्हणते, चारही वेळा उत्तर दिलं होतं. खोटं बोलायलाही लागली.

६ मार्च, गुरुवार.
स्पीकर घेऊन दुकानात. मेकॅनिकने वाजवून बघितले. म्हणाला दोन्ही उत्तम, फक्त एकाची जाळी कुणा माथेफिरूने फोडलीय. मी त्याची कॉलर धरली. तो माझ्या उजव्या खांद्याशी तोंड आणून काहीतरी पुटपुटला. म्हटलं, दम असेल तर मोठ्याने बोल. डावखुरा निघाला. उजव्या कानाखाली आवाज काढला.
नवल म्हणजे गाल पेटला, पण आवाज आला नाही.
हे बायकोला सांगून चूक केली. ती एकदम गप्प झाली. या वेळी खरोखर.

७ मार्च, शुक्रवार. सकाळ.
बायकोने दंडाला धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. हेडफोन लावले. शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा. डावी बाजू झटपट झाली. उजव्या बाजूला मशीन बंद पडलं. बराच वेळ हात मांडीवर. शेवटी हेडफोन काढून टेबलावर आपटून दाखवला, की बिघाड असाच शोधायचा असतो. डॉक्टरांनी तो उचलला, बायकोच्या कानाला लावला. तिने लगेच हात वर केला. वर ठेवला. खाली घेईना.
उजवा कान जवळजवळ गेलाय. इतकी वर्षं हेडफोनमध्ये मोठा आवाज, त्याने असेल. परत येणार नाही.
घरी येईपर्यंत ठोसा मारावा असं काही दिसलं नाही. भीती वाटते.

संध्याकाळ.
मॅडमना फोन केला. स्पीकरचं कारण सांगणार होतो, तोंडातून कानाचं निघालं. त्या हळहळल्या. मग म्हणाल्या, फायली आजच परत पाठवा. पाठवल्या.
स्पीकर दोन्ही चांगले आहेत. बायको म्हणाली, शाळेतल्या मुलांना उपयोगी पडतील. मी खोक्यात भरून दिले.