सारिकाच्या नावाचं गाऱ्हाणं

हैदराबाद, रविवार

प्रिय नाना,

माझी तब्येत बरी आहे, वहिनीला सांग. इथे बांगडा मिळतो, पण त्याला बांगडा म्हणायला जीभ धजत नाही. तुझा गुडघा कसा आहे?

माझ्या विनीतचा रिपोर्ट आला. त्याच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला लागतात आणि अर्ध्यावरच थांबतात. एक जनुक बिघडलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माशीत, उंदरात, माणसात ते एकच काम करतं. बिघडलं की नर वांझ होतो, मादीला काही होत नाही. यावर औषध नाही. मी दोनदा विचारलं. मला नातवंड नाही, हे कळायला माशीपर्यंत जावं लागलं.

आता ऐक. हा बिघाड दोन्हीकडून यावा लागतो, अर्धा ह्यांच्याकडून, अर्धा माझ्याकडून. म्हणजे माझा अर्धा बहुतेक आपल्याच आईबाबांकडून. सुनेचा यात काडीचा संबंध नाही. आणि तू चार वर्षं देवळात, अख्ख्या गावासमोर, 'सारिकाची कूस उजव' म्हणून देवाला तिच्या नावाने गाऱ्हाणं घालतोस! लाज कशी वाटत नाही?

काल विनीत तिला म्हणाला, "तू दुसरा लगीन कर."

"गप रव. जेवूक चल," ती म्हणाली.

दोघंही जेवली नाहीत. मी ताटं झाकून ठेवली.

पुनवेचं गाऱ्हाणं थांबव. ऐकणार नसशील, तरी विनीतचं नाव घेऊ नकोस, तो आधीच मोडलाय. माझं घे. बाईचं नाव ऐकायची गावाला सवय आहे.

तुझ्यावर संतापलेली, तरी तुझीच धाकटी,
कुमुद